सातवा प्रश्न

"हा नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म परत सरकवला.

ऑफिसात सगळे जिला नुसतं 'नवी' म्हणायचे तिने तो उचलला. सकाळपासूनची ही दुसरी चूक. विम्याच्या पाच फायली तिच्यापुढे टाकल्या होत्या आणि प्रत्येकीसाठी योग्य तो फॉर्म काढायचा होता. भिंतीवरच्या लाकडी खणांत ते वेगवेगळे रचलेले होते: राहतं घर, दिवसा बंद असणारं घर, घर आणि धंदा एकत्र, भाड्याने दिलेलं घर, नुसतं दुकान. फॉर्म चुकला तर चोरी झाल्यावर कंपनी सरळ हात वर करते. नवीची तीन महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. एक वाजता मालक जेवायला निघताना बाईंना विचारणार होते, हिला ठेवायची की नाही. आणि ही शहाणी महिन्यापूर्वीच घरी सांगून बसली होती की नोकरी कायम झाली. सासूबाईंनी ते चार घरी कळवूनही टाकलं होतं.

"शिंपी आहे ना तो? दुकानाचाच फॉर्म काढला मी."

"झोपतो कुठे?"

"ते माहीत नाही."

"मग हा काढलास कुणाला विचारून?"

नवीने फोन लावला. शिंपी मशीनच्या वरच्या माळ्यावर बायकोमुलांसह झोपत होता. म्हणजे तिसरा खण.

"माहीत आहे म्हणून भरायचं नाही. विचारून भरायचं," बाई म्हणाल्या. हे वाक्य नवीने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. बाईंना या टेबलाशी वीस वर्षं झाली होती. समोर मालकांचा मेहुणा असला तरी दर वर्षी सगळे प्रश्न पहिल्यापासून. लोक वैतागायचे, मागच्यासारखंच लिहा की, म्हणायचे. बाई ढिम्म हलायच्या नाहीत.

दिवसातून एकदाच त्या मऊ व्हायच्या. बरोबर एक वाजता घरी फोन लावायच्या. "डबा उघडलात का? गोळी जेवणानंतरची, आधीची नाही. आणि उगाच जिने उतरू नका." बाईंच्या मिस्टरांचा गुडघा ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ होता. त्यांना पाहिलं कुणीच नव्हतं, पण शिपाईसुद्धा येता-जाता विचारायचा, आज सूज कशी आहे.

नवीने पुढच्या दोन फायलींसाठी फोन करकरून सगळे प्रश्न विचारले. मध्येच घड्याळ बघितलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. पावणेएक झाला. तिने शेवटची फाईल उघडली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती बाईंच्याच घराची होती. आपला फॉर्म आपण भरायचा नाही, असा ऑफिसचा नियम होता. इथे चुकायला जागाच नव्हती. तिने पहिल्या खणातला फॉर्म ओढला आणि भराभर भरला. सातवा प्रश्न होता, दिवसा घरात कोण असतं? तिने लिहिलं, पती, निवृत्त.

बाईंनी फॉर्म वाचला. तो परत सरकवला नाही. सहीच्या जागी पेन टेकवलं. उचललं. घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा टेकवलं. बाईंची अशी चुळबूळ नवीने कधी पाहिली नव्हती.

"सातवा प्रश्न कुणाला विचारलास?"

"त्यात काय विचारायचं, बाई? तुमचे मिस्टर असतात ना घरी."

"विचार."

नवीने छापील ओळ वाचली. "दिवसा घरात कोण असतं?"

बाईंनी आधी मालकांच्या केबिनकडे पाहिलं, मग फोनकडे.

"कोणी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पाच महिने झाले. बॅग भरली आणि गेले. गुडघा दुखत होता तरी चार जिने उतरून गेले. दिवसभर कुलूप असतं."

"मग रोजचा फोन?"

"नुसता वाजत राहतो."

बाईंनी मघाशी सही करून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तिला स्वतःची लाज वाटली आणि बाईंबद्दल फार वाईट वाटलं. ती उठली, दुसऱ्या खणातला फॉर्म काढून आणला आणि उभ्याउभ्याच भरला. बाईंनी या वेळी एका दमात सही केली.

केबिनचं दार उघडलं. "काय बाई, एक वाजून गेला. आज मिस्टरांची चौकशी नाही?"

बाईंचा हात फोनकडे गेला आणि अधांतरीच राहिला.

नवीने फॉर्म कंपनीच्या पाकिटात सरकवला आणि तोंड चिकटवून टाकलं. "झाली, साहेब," ती म्हणाली. "सूज उतरलीय म्हणाले."

"वा. आणि हिचं काय? ठेवायची?"

नवीने तीन चुका मनात मोजल्या. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"ठेवा," बाई म्हणाल्या.

मालक मान डोलावून जेवायला गेले. दार लागलं. बाईंनी फोन टेबलाच्या कडेला सारला आणि आपली खुर्ची नवीकडे वळवली.

"डबा उघडलास का?" त्यांनी विचारलं.