कपाळावरचं लेबल

साताऱ्याच्या एमआयडीसीत संयोगिता दिवसपाळीला बेल्टवरच्या डब्यांना लेबलं लावायची. झोपेतही तिला तोच बेल्ट दिसायचा. त्यावरून तिचा आठ महिन्यांचा धवल यायचा आणि ती त्याच्या कपाळावर लेबल लावून त्याला पुढं सरकवायची.

कंपनीच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "दोष तुमच्या मनात आहे. कुणाला सांगू नका, दीर्घ श्वास घ्या."

तिनं श्वास घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीत लाल बावटावाल्या गोदाक्कांना सगळं सांगून टाकलं.

"आक्का, मी वाईट आई आहे का ओ?"

"तुज्या मनाचा काय दोष न्हाई गं," गोदाक्का भाकरी मोडत म्हणाल्या. "रोज झोपंत तुजं लेकरू फुडं माज्याच टेबलावर येतंय. मी खोक्यात भरते, टेप सुनंदा लावती."

"मग आता?"

"आता काय! आज झोपंत समद्यांनी हाताची घडी घालून बसायचं."

त्या रात्री बेल्ट थांबला. धवल खाली उतरला आणि रांगत रांगत तिच्या मांडीवर आला.

सकाळी कंपनीच्या फाटकावर नोटीस होती : 'दिवसपाळीच्या सर्व महिलांनी काल रात्री काम बंद का ठेवले, याचा लेखी खुलासा करावा.'