सौंदरनायकीची साडी

कुंजम्माळनं काचेच्या पेटीकडे पाहिलं आणि झटकन मान खाली घातली.

सौंदरनायकीच होती ती, तिच्या गावची पंचधातूची देवी. डावा हात सैल सोडलेला, उजव्या हाताची बोटं फूल धरायला वळलेली, कमरेत तोच लाडिक बाक. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या देवळात चोरी झाली म्हणून सरकारनं गावातून हलवून तिला या संग्रहालयात ठेवलं होतं. अंगावर ओतीव दागिने तेवढे होते. साडी नव्हती.

"हिला असंच उभं केलंय होय रे?"

पहारेकरी अरोक्यसामी खुर्चीतून उठला. "आजी, इथं सगळ्याच अशा असतात. लोक कारागिरी बघायला येतात."

"आमच्या गावाला हिचं तोंड, हात आणि पावलं एवढंच ठाऊक. आमचे हे पुजारी. चाळीस वर्षं पडदा ओढून हिला नेसवायचे. निऱ्या मात्र मी घरून घालून द्यायची, त्यांना कधी जमल्याच नाहीत." ती हसली. "मी काय नेसलेय ते कधी बघितलं नाही त्यांनी. हिच्या साडीचा काठ मनासारखा नसला, तर जेवायचे नाहीत."

तिनं पिशवीतून हिरवी रेशमी साडी काढली. लहानशीच. निऱ्या घातलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या.

"काच उघडता येणार नाही, आजी. किल्ली साहेबांकडे असते."

"बरं," ती म्हणाली. पण साडी तिनं परत ठेवली नाही.

अरोक्यसामीनं त्या निऱ्यांकडे पाहिलं.

"आमच्या वेळांकण्णीच्या चर्चमधल्या माउलीलाही साडी असते," तो हळूच म्हणाला. "माझी आई दर वर्षी एक न्यायची."

त्यानं साडीचं एक टोक धरलं. दोघांनी ती काचेवर बाहेरूनच धरली. कुंजम्माळनं दोरा सोडला. निऱ्या बरोबर कमरेखाली उलगडल्या.

"जरा वर घे. खांदा झाकू दे. हां, आता कशी दिसते बघ! असा पडदा सरला ना, की सगळं गाव टाचा उंचावायचं."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पुरुषांचा मोठा घोळका हसत, बोलत वर येत होता. अरोक्यसामीनं आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि दारात जाऊन दोन्ही हात आडवे धरले.

"पाच मिनिटं थांबा," तो म्हणाला. "आत बाई साडी नेसतायत."