भिंतीचं सामान

हॉलमधल्या एकुलत्या पंख्याच्या वेगावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं आणि मध्ये जिप्समची भिंत घालायचं ठरलं. मापाच्या टेपचं एक टोक दिगंबरने धरलं, दुसरं धाकट्या सुधाकरने. आकडा सुधाकरने बायकोला सांगितला. तिने तो समोरच उभ्या असलेल्या भावजींना कळवला.

दुकानात दिगंबरने बोर्ड, पुट्टी, सांध्यांवरची टेप मागितली. “आणि कोपऱ्यांना लावायच्या पट्ट्या.”

“सलग भिंतीला कोपरा कुठला?” दुकानदार म्हणाला. “त्या दार ठेवलं तरच लागतात.”

दिगंबर ‘नकोत’ काही म्हणेना.

बरोबर आलेला सुधाकर रस्त्याकडे तोंड करून उभा होता. तसाच पाठमोरा म्हणाला, “दादा, दार रुंद ठेव. पंखा तुझ्याकडे जातोय.”