तीन फुटांच्या आत

सुट्टीची घंटा झाली तसे इंग्लंडातल्या चॅटमच्या सरकारी जहाजगोदीतले सुतार खांद्यावर लाकडाचे तुकडे घेऊन फाटकाशी रांगेत उभे राहिले. तीन फुटांपर्यंतचा तुकडा सुताराचा, त्याहून लांब तो राजाचा. त्यामुळे गावातले जिने, कपाटं, बाकं, सगळं तीन फुटांच्या आतलं.

जेबझ टॉलहर्स्टच्या फळ्या तीन फूट आठ इंच भरल्या.

"आठ इंचांसाठी चोर झालास की रे," फाटकावरचा पिल्बीम मापाची काठी आपटत म्हणाला.

"पोरीच्या पेटीसाठी आहेत, साहेब. काल गेली."

पिल्बीमनं टोपी काढली. मनापासून काढली. "केवढी होती?"

"सहा वर्षांची. तीन फूट पाच इंच."

"वयाच्या मानानं उंच," पिल्बीम हळहळला आणि टोपी घातली. मग टोच्या काढून त्यानं प्रत्येक फळीवर तीन रेघा ओढल्या. बाणाचं टोक. दोरखंड असो, तोफ असो, की खलाशाचं घोंगडं. ज्यावर हा बाण, ते राजाचं.

"जास्तीचं कापून देतो ना," जेबझ म्हणाला.

"आधी बोलायचंस. आता बाण बसला. बाणाच्या मालाला करवत लावलीस तर थेट तुरुंग."

तेवढ्यात पाऊस आला. पिल्बीम ओरडला, "अरे, राजाचा माल भिजतोय!" दोन शिपाई धावत आले आणि त्यांनी फळ्यांवर ताडपत्री घातली. जेबझ शेजारीच भिजत उभा होता. रांगेतल्या ईनकनं आपले आखूड तुकडे त्याच्या खांद्यावर ठेवले.

घरी जेबझनं बायकोला, मर्सीला, सगळं सांगितलं आणि पेटी ठोकली. बरोबर तीन फूट. पोरीचे, डॉर्कसचे, गुडघे दुमडावे लागले.

"थंडीत अशीच तर निजायची," तो म्हणाला.

छप्पर गळत होतं. मर्सीनं पेटी दोनदा सरकवली. पाणी दोन्ही वेळा तिथंही आलं. मग तिनं उरलेला खिळा उचलला आणि झाकणावर तीन रेघा ओढल्या.

"अगं, वेड लागलं का? गुन्हा आहे हा!"

"असू दे," मर्सी म्हणाली. "राजाची वस्तू भिजू देत नाहीत, तुम्हीच सांगितलंत ना?"