हेल्दी लेडीजचा गठ्ठा
शिवाजी पेठेत नव्यानंच सून म्हणून आलेल्या साक्षीला शाळेत नोकरी लागली, तेव्हा सासू पारूबाई तिला पंजाबी ड्रेस घ्यायला महाद्वार रोडला घेऊन गेली. दुकानात सेल्समननं माप विचारल्यावर सासूदेखत साक्षी 'मीडियम' म्हणाली. त्यानं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि माळ्याकडं तोंड करून हाक दिली, "हेल्दी लेडीजचा गठ्ठा टाक रे खाली." गठ्ठा धपकन काउंटरवर पडला. दुकानातल्या बायका वळून बघू लागल्या. साक्षी पर्सची चेन उघडझाक करत राहिली. तिला बाहेर पळायचं होतं. तेवढ्यात पारूबाईनं गठ्ठ्यातला जांभळा ड्रेस ओढून काढला. "ह्यो मला पायजे." "मावशी, तुमच्यासारख्या दोघी मावतील की ह्यात," सेल्समन हसला. "मावू देत. मला ऐसपैस लागतंय," म्हणत काडीसारख्या पारूबाईनं तो लुगड्यावरनंच अंगात घातला आणि ती आरशापुढं उभी राहिली. बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. आता बायका तिला हसू लागल्या. तिनं त्यांना खुशाल हसू दिलं, सुनेकडं मात्र बघितलं नाही. साक्षीला ते बघवेना. पर्स काउंटरवर ठेवून ती पुढं आली. "आत्ती, काढा तो. माझ्या मापाचा हाय." पारूबाईनं हात वर केले. साक्षीनं ड्रेस काढून घेतला, कपडे बदलायच्या खोलीकडं निघाली आणि दारातनं सेल्समनला म्हणाली, "ह्याच मापात हिरवा बी काढून ठेवा."