एक जूनची तिजोरी

लाल दिवा लागला. तिजोरीनं टुं टुं केलं आणि दार तसंच गच्च राहिलं.

"मर तिकडे," सपना तिच्यावर खेकसली.

शून्य, एक, शून्य, सहा. एक जून. बरोबरच तर दाबलं होतं. हॉटेलच्या कपाटात बसवलेली ती लोखंडी पेटी जेमतेम मिक्सरच्या खोक्याएवढी. पण आत सपनाचा फोन होता, आणि त्या फोनवर आज तिचं सगळं अडलं होतं.

तिकडं जळगावला नेट कॅफेत तिची मैत्रीण सारिका फॉर्म उघडून बसली होती. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. सपनाचा नंबर लागला होता. सीट पक्की करायचा आज शेवटचा दिवस, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी येणार सपनाच्याच फोनवर. दहावीनंतर घरी बसवलेल्या पोरीला परत असा नंबर कोण देतंय? सीट मिळाली तर 'लग्न पुढं ढकला' म्हणायला तोंड होतं. नाही मिळाली तर आज धुळ्याच्या याच हॉटेलात सुपारी फुटणार, आणि विषय संपला.

हे सगळं चुडामणनानाला माहीत होतं. नाना म्हणजे तिच्या बापाचा मोठा भाऊ. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून हायवेवरचं हे हॉटेल त्यानंच धरलं होतं. सकाळी खोलीत पाय ठेवल्याबरोबर त्यानं जळगावहून घडवून आणलेली नवरदेवाची अंगठी तिजोरीत ठेवली आणि सपनापुढं हात पसरला.

"फोन आण."

"नाना, आज नको ना. संध्याकाळी ठेवा."

"पाव्हणासमोर फोन चिवडत बसशी का? म्हने वायरी जोडानी हौस शे हिले!"

फोन आत गेला. बटणं मात्र नानाला कळेनात.

"देवचंद, तू दाब. तुनी जन्मतारीख टाक. ध्यानमा राही."

"एक जून," देवचंद म्हणाला. सपनाचा बाप. घरात त्याला आबा म्हणायचे.

"मनी बी तीच शे!" नाना खदाखदा हसला. "मास्तरनी बठ्ठा गावले एकच वाढदिवस वाटी दिधा!"

आबा पाठमोरा उभा राहिला. बटणं दाबली, दार लावलं. सपनाकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचं हे नेहमीचंच. घरी तिनं फॉर्मचं सांगितलं, तेव्हाही तो खाली मान घालून भाकरी मोडत बसला होता. मोठ्या भावापुढं या माणसाची जीभ टाळूला चिकटते, हे तिला लहानपणापासून पाठ होतं.

पाहुण्यांना घ्यायला नाना खाली गेला. आबा लगेच उठला.

"मी आंघोळ करी लेस," एवढंच म्हणाला आणि बाथरूमची कडी लावली. नळ धो धो सुटला.

पोरीचा जीव चाललाय आणि याला आंघोळ सुचतेय! सपनाचं डोकं फिरलं. पण मग वाटलं, बरंच झालं. आकडा तर दोघा भावांनी ओरडून सांगितलाय. शहाणे कुठले.

आणि आता हा लाल दिवा.

तिनं परत दाबलं. सावकाश, एकेक बटण. टुं टुं. लाल.

तिसऱ्यांदा चुकलं की पेटी अडकून बसते आणि मॅनेजरला बोलवावं लागतं, असं दारावरच्या स्टिकरवर लिहिलं होतं. मॅनेजर आला की मागं नाना आलाच.

सपना खोलीभर फिरली. पडदा सारला. खाली गाडी लागली होती, नाना हात जोडून पुढं पळत होता. पडदा सोडला. नख चावलं. आबाची तारीख एक जून. आईची एक जून. नानाची एक जून. मग या बाबानं टाकलं तरी काय?

तिनं डोळे मिटले. सकाळी बटणं दिसली नव्हती, फक्त आबाची पाठ दिसली होती. पाठ आणि कोपर. कोपर आधी वर गेला होता. म्हणजे बोट वरच्या ओळीत. पण शून्य तर पार खाली असतं.

म्हणजे तोंडानं एक आणि बोटानं भलतंच. तेही नानाच्या देखत.

घरात खरी जन्मतारीख एकाच माणसाची होती. सरकारी दवाखान्यात जन्मलेली, दाखला असलेली. तिची स्वतःची. सतरा सप्टेंबर. एक, सात, शून्य, नऊ.

हिरवा.

फोन बाहेर काढला आणि सारिकाचे मेसेज धडाधड पडले. तिनं कॉल लावला.

"कुठं मेली होतीस गं? माझ्या जिवाचं इथं पाणी पाणी झालं!"

"शिव्या नंतर दे. ओटीपी पाठव."

आकडे आले. सपनानं कुजबुजत वाचले. पलीकडं कीबोर्ड वाजला. मग सारिका अशी किंचाळली की सपनानं फोन उशीत दाबला.

सीट पक्की.

जिन्यावर चपला वाजायला लागल्या. नानाचा आवाज, पाहुण्यांचं हसणं. तिनं फोन आत सरकवला, त्याच आकड्यानं दार लावलं आणि पलंगाच्या कडेला येऊन बसली.

बाथरूमचा नळ बंद झाला.

"सपना," दारामागून आबा हळूच म्हणाला, "झायं का तुनं काम? मी कव्हाना आठे कोरडाच उभा शे."