अर्थ सांगणारी

रबराच्या मळ्यामागच्या प्रार्थनाघरात महिन्यापूर्वी पत्रोस अंगात आत्मा उतरल्यासारखा कुणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागला, तेव्हा अर्थ सांगायला म्हातारी राहेल अम्मच्चीच उठली होती. अशा बोलण्याचा अर्थ सांगायचं दान देवानं तिलाच दिलंय असं सगळी मंडळी मानायची. खरं तर तिला कधीच काही कळलं नव्हतं. गप्प बसायची लाज वाटायची एवढंच. “प्रभू म्हणतो, तुझी लेक बरी झाली. फिटच्या गोळ्या बंद कर,” ती बोलून गेली. आज त्या लेकीची शवपेटी समोर होती. पत्रोसनं गोळ्यांची न फोडलेली पट्टी तिच्या उशाशी ठेवली, गुडघे टेकले, आणि त्याच्या तोंडून पुन्हा तसेच न जुळणारे शब्द फुटू लागले. “स्तोत्रम्! आत्मा उतरला!” मंडळींनी गजर केला. “अम्मच्ची, बसलात काय? अर्थ सांगा!” पास्टर म्हणाले. आज अम्मच्चीला पहिल्यांदाच शब्द न् शब्द कळत होता, आणि तोंड उघडत नव्हतं.